लॉक किती वेळ धरला, हाही शेड्युलिंगचाच हिशोब

रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेतच उत्तर द्यावं लागणाऱ्या सिस्टिमच्या डिझाइनमध्ये दोन कागद हमखास वेगळे असतात. एकावर टास्कांची (सीपीयू आलटून पालटून करतो त्या कामांची) यादी, त्यांचे पीरियड (किती वेळाने पुन्हा पाळी येते), प्रायॉरिटी आणि सीपीयूचा वापर. दुसऱ्यावर कोणता डेटा कोणत्या म्युटेक्सने (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणाऱ्या लॉकने) राखायचा ते. पहिला कागद आर्किटेक्टकडे, दुसरा ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडे. दोघांची गाठ पडते ती "युनिट मधूनच रीसेट होतं" अशी तक्रार आल्यावर. माझं म्हणणं असं की हा मुळात एकच कागद आहे. प्रत्येक लॉक जास्तीत जास्त किती वेळ धरला जातो, हा आकडा टास्कच्या पीरियडशेजारी त्याच तक्त्यात हवा. तो नसेल तर "सीपीयू निम्माही वापरला जात नाही" या समाधानाला काही अर्थ नाही.

उदाहरणासाठी एक छोटी सिस्टिम घेऊ. एकच कोर, प्रीएम्प्टिव्ह शेड्युलर (वरच्या प्रायॉरिटीचा टास्क आला की खालच्याला मध्येच थांबवणारा), तीन टास्क. कंट्रोल टास्क दर १० मिलिसेकंदांनी सेन्सर वाचून मोटरला नवा आकडा देतो, त्याला जास्तीत जास्त ३ मिलिसेकंद लागतात. मेसेज टास्क दर २५ मिलिसेकंदांनी येतो, ६ घेतो. लॉग टास्क दर ५० मिलिसेकंदांनी येतो, १४ घेतो. प्रत्येकाने आपली पुढची पाळी यायच्या आत काम संपवायचं, हीच त्याची डेडलाइन.

प्रायॉरिटी ठरवताना पीरियड पाहायचा, प्रतिष्ठा नाही. ज्याचा पीरियड लहान त्याची प्रायॉरिटी वरची, हा रेट मोनोटोनिकचा नियम. "हा अलार्मचा टास्क आहे, महत्त्वाचा आहे, म्हणून सगळ्यांत वर" असं बऱ्याच ठिकाणी केलेलं दिसतं. त्या अलार्मला उत्तर द्यायला ५०० मिलिसेकंद चालणार असतील आणि त्याचं काम २० मिलिसेकंदांचं असेल, तर वर बसून तो १० मिलिसेकंदवाल्याची डेडलाइन दर वेळी बुडवेल. खाली ठेवला असता तर दोघंही वेळेत झाले असते.

आता वापर मोजू. ३० अधिक २४ अधिक २८, म्हणजे ८२ टक्के. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये दिलेली सीपीयूच्या वापराची मर्यादा तीन टास्कांसाठी सुमारे ७८ टक्के येते. टास्क वाढत गेले की ती ६९.३ टक्क्यांकडे उतरते. आपण ७८च्या वर आहोत. पण या निकषाचं बोलणं एकतर्फी आहे: मर्यादेच्या आत असाल तर डेडलाइन चुकणार नाहीत. बाहेर असाल तर चुकतीलच, असं तो म्हणत नाही. म्हणून त्याच्यावर थांबू नये. मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी १९८६ मध्ये मांडलेला रिस्पॉन्स टाइमचा (पाळी आल्यापासून काम संपेपर्यंतच्या वेळेचा) हिशोब करावा, तो नेमका असतो आणि कागदावर पाच मिनिटांत होतो.

लॉग टास्कचंच करू. सगळे टास्क एकाच क्षणी जागे झाले असं धरा, ही सगळ्यांत वाईट वेळ. लॉगचे १४, कंट्रोलचे ३, मेसेजचे ६, बेरीज २३. पण २३ मिलिसेकंदांत कंट्रोल एकदा नाही, तीनदा येतो, ०, १० आणि २० ला. म्हणजे ९ अधिक ६ अधिक १४, झाले २९. २९ पर्यंत मेसेज टास्कची दुसरी पाळी (२५ ला) येऊन गेली. ९ अधिक १२ अधिक १४, झाले ३५. ३५ पर्यंत कंट्रोल चौथ्यांदा आला, १२ अधिक १२ अधिक १४, झाले ३८. ३८ पर्यंत नवीन कोणी येत नाही, आकडा स्थिरावला. लॉगला वाईटात वाईट ३८ मिलिसेकंद लागतील, डेडलाइन ५०. मेसेजला ९ लागतात, कंट्रोलला ३. कागदावर सगळं निवांत आहे.

फक्त या हिशोबात एक गृहीतक लपलेलं आहे: खालचा टास्क वरच्याला कधीच अडवत नाही.

एक बस, दोन गिऱ्हाइकं

कंट्रोलचा सेन्सर आणि लॉगचा ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी चिप) एकाच आयटूसी बसवर (अनेक चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवर) आहेत, बसला एक म्युटेक्स आहे. लॉग टास्क दर पाळीला ईईप्रॉममध्ये लिहीत नाही. तसं केलं आणि एकाच पानावर (एका दमात लिहिता येणाऱ्या बाइटांच्या गटावर) लिहीत राहिलं, तर १० लाख लेखनांची क्षमता चौदा तासांच्या आत संपेल. तो लिहितो कधीतरी, एखादं सेटिंग बदललं किंवा एखादी चूक नोंदवायची असली तर. हे "कधीतरी" लक्षात ठेवा, चाचणीत काही न सापडण्याचं कारण तेच आहे.

बस १०० किलोहर्ट्झवर आहे. आयटूसीवर एका बाइटला नऊ क्लॉक लागतात, आठ डेटाचे आणि एक पोचपावतीचा, म्हणजे ९० मायक्रोसेकंद. सेन्सरचे सहा बाइट वाचायचे तर डिव्हाइसचा पत्ता, रजिस्टरचा पत्ता, पुन्हा डिव्हाइसचा पत्ता आणि सहा बाइट, असे नऊ बाइट, ०.८१ मिलिसेकंद. ईईप्रॉमचं ३२ बाइटांचं पान लिहायचं तर डिव्हाइसचा पत्ता, मेमरीच्या पत्त्याचे दोन बाइट आणि ३२ डेटा, एकूण ३५ बाइट, ३.१५ मिलिसेकंद. स्टार्ट, स्टॉप आणि ड्रायव्हरचं किरकोळ धरून ३.२ म्हणू.

आता मिलिसेकंदांचं घड्याळ लावून बघू. शून्याला लॉग टास्कने बसचा लॉक घेतला. १ ला कंट्रोल जागा झाला, त्याने लॉक मागितला, मिळाला नाही, तो झोपला. लॉग पुढे चालू. २ ला मेसेज टास्क जागा झाला. त्याचा बसशी काही संबंध नाही, पण तो लॉगपेक्षा वरचा, म्हणून त्याने सीपीयू घेतला आणि ८ पर्यंत ठेवला. लॉगचे बसवरचे १.२ मिलिसेकंद राहिलेत, ते ९.२ ला संपले. तेव्हा कंट्रोलला लॉक मिळाला आणि तो १२.२ ला संपला. त्याची डेडलाइन ११ ला होती.

कंट्रोल सगळ्यांत वरचा टास्क, आणि तो थांबला मधल्या मेसेजमुळे, ज्याच्याशी त्याचं काही वाटून घेतलेलं नाही. हेच प्रायॉरिटी इन्व्हर्जन. लॉगने लॉक धरला म्हणून कंट्रोलने थांबणं यात गैर काही नाही, लॉक असतोच त्यासाठी. गैर आहे ते मध्ये घुसलेले सहा मिलिसेकंद. मधल्या प्रायॉरिटीचे टास्क एकाऐवजी पाच असते तर पाचही घुसले असते. थांबण्याची वेळ लॉकच्या लांबीवर नाही, तर भलत्याच टास्कांच्या लांबीवर ठरू लागते.

प्रायॉरिटी इनहेरिटन्स यावरचा सर्वपरिचित उपाय: कंट्रोल लॉकसाठी थांबला की लॉक सोडेपर्यंत लॉगला कंट्रोलची प्रायॉरिटी मिळते. तेच घड्याळ पुन्हा लावा. १ ला लॉगची प्रायॉरिटी चढली, २ ला आलेला मेसेज टास्क बाहेर थांबला, ३.२ ला लॉक सुटला, ६.२ ला कंट्रोल संपला. पाळीपासून ५.२ मिलिसेकंद. वाईटात वाईट, म्हणजे लॉगने लॉक घेतला आणि त्याच क्षणी कंट्रोल आला असं धरलं, तरी ३.२ अधिक ३, झाले ६.२.

ही किंमत मेसेज टास्कही भरतो, हे मात्र हिशोबात घ्यायला विसरतात. तो बसला हातही लावत नाही, तरी लॉग वरच्या प्रायॉरिटीने धावत असताना त्याला थांबावं लागतं. म्हणून त्याच्या रिस्पॉन्स टाइममध्येही ३.२ मिळवायचे: ६ अधिक ३.२ अधिक ३, म्हणजे १२.२. तेवढ्यात कंट्रोल दुसऱ्यांदा आला, १५.२. डेडलाइन २५, त्यामुळे चालतं. नियम असा: एखाद्या टास्कसाठी, त्याच्या खालचे टास्क असे कोणते लॉक धरतात जे हा टास्क किंवा याच्या वरचा कोणीही वापरतो, ते पाहायचं आणि त्यांतला धरण्याचा वेळ हिशोबात मिळवायचा. एकच लॉक असेल तर एकच आकडा. जास्त लॉक असतील तर इनहेरिटन्सखाली ते साखळीने एकामागून एक अडवू शकतात, त्याबद्दल पुढे.

इनहेरिटन्स सीपीयू देतं, चिपला घाई करत नाही

आता ड्रायव्हर उघडून बघू. ईईप्रॉमला ३२ बाइट दिले की काम संपत नाही. स्टॉप मिळाल्यावर चिप ते पान आतल्या आत लिहायला घेते, त्याला डेटाशीटप्रमाणे ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. त्या काळात ती पत्त्याला पोचपावती देत नाही. बहुतेक ड्रायव्हर सरळमार्गी असतात: लॉक घ्या, बाइट पाठवा, पोचपावती येईपर्यंत पत्ता पाठवत राहा, मग लॉक सोडा. म्हणजे लॉक ३.२ नाही, ८.२ मिलिसेकंद धरलेला. कंट्रोलचा वाईटात वाईट वेळ ८.२ अधिक ३, झाले ११.२. इनहेरिटन्स चालू, प्रायॉरिटी बरोबर, शेड्युलर निर्दोष, आणि डेडलाइन चुकली.

हा मुद्दा मला सगळ्यांत कळीचा वाटतो. इनहेरिटन्स लॉक धरणाऱ्याला सीपीयू मिळवून देतं, बस एवढंच. तो सीपीयूसाठी थांबलेलाच नसेल, चिपसाठी, डीएमएसाठी (सीपीयूशिवाय डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरसाठी), फ्लॅशसाठी थांबला असेल, तर प्रायॉरिटी आभाळाला नेली तरी एक मायक्रोसेकंद वाचत नाही. लॉक हातात ठेवून टास्कने डिले घेतला असेल तर तो झोपलाय, आणि झोपलेल्याला प्रायॉरिटी देऊन उपयोग काय?

उपाय सोपा आहे, पण ड्रायव्हर थोडा फिरवावा लागतो. बाइट पाठवून झाले की लॉक सोडायचा. आतलं लेखन चालू असताना बस मोकळी असते, सेन्सर खुशाल वाचता येतो. लॉग टास्कने लॉक न धरता झोपायचं, मग पुन्हा लॉक घेऊन एकदा पत्ता पाठवून पाहायचा. पोचपावती आली तर पुढचं पान, नाही तर लॉक सोडून पुन्हा डुलकी. झोप ५ नाही, ६ टिकची (शेड्युलरच्या घड्याळाच्या ठोक्यांची) घ्यायची. टिक १ मिलिसेकंदाची असेल तर "५ टिक" म्हणजे प्रत्यक्षात ४ ते ५ मिलिसेकंदांमधलं काहीही, कारण पहिली टिक अर्धी सरलेली असू शकते. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ईईप्रॉमला हात लावू नये यासाठी ईईप्रॉमचा वेगळा लॉक ठेवा. कंट्रोल तो कधीच मागत नाही, त्यामुळे त्याच्या हिशोबात तो येत नाही. बसचा लॉक आणि चिपचा लॉक वेगळे, हे एवढं जरी केलं तरी अर्धी दुखणी जातात.

३.२ सुद्धा जास्त वाटत असेल तर बस ४०० किलोहर्ट्झवर न्या, तोच आकडा ०.८ होतो. पण आधी पुल-अप (बसच्या तारा वर ओढणारे रेझिस्टर) बघा. १० किलोओहमचे पुल-अप आणि ५० पिकोफॅरड इतकी लहान बस असली तरी सिग्नल चढायला सुमारे ०.४२ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला १ मायक्रोसेकंदापर्यंत चालतं, ४०० ला मर्यादा ०.३ ची आहे. बोर्ड बदलता येत नसेल तर पानाऐवजी ८ बाइटांचे तुकडे लिहा. ११ बाइट, जेमतेम १ मिलिसेकंद. मोबदल्यात दर तुकड्याला ५ मिलिसेकंदांचं आतलं लेखन पुन्हा लागतं आणि ईईप्रॉमची झीजही वाढते.

जे लॉक आपण घेतलेच नाहीत

१९९७च्या जुलैत मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचे रीसेट या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतात. हवामानाच्या उपकरणाचा खालचा टास्क, माहितीची बस सांभाळणारा वरचा टास्क, मध्ये दळणवळणाचे लांब टास्क. बसचं चक्र १२५ मिलिसेकंदांचं. वाटपाचं काम चक्राच्या आत झालेलं नाही हे दिसलं की सिस्टिम स्वतःला रीसेट करायची. पण सांगताना एक बारकावा सहसा गळतो. तो म्युटेक्स प्रोग्रामरने थेट मागितलेला नव्हता. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाइपवर (टास्कांमधल्या निरोपांच्या वाटेवर) सिलेक्ट (डेटा येण्याची वाट पाहणारं फंक्शन) वापरलं, तेव्हा लायब्ररीने आत स्वतःचा म्युटेक्स बनवला, तोही इनहेरिटन्स बंद ठेवून. दुरुस्ती म्हणून पृथ्वीवरून तो पर्याय चालू करण्यात आला.

म्हणून लॉकांची यादी करताना फक्त स्वतःच्या कोडमध्ये शोधून भागत नाही. हीप (चालता चालता मागायची मेमरी) वाटणाऱ्या फंक्शनमध्ये लॉक असतो. प्रिंटएफमध्ये (मजकूर छापणाऱ्या फंक्शनमध्ये) असतो, आणि त्याच्या मागे सिरियल तारेवर ११५२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) ८० अक्षरं जायला ७ मिलिसेकंद लागतात. फाइल सिस्टिममध्ये असतो. आतल्या फ्लॅशचा सेक्टर पुसताना तर लॉक नसूनही सगळं अडतं: कोड त्याच बँकेतून चालत असेल तर सीपीयू पुढची सूचना वाचायलाच थांबतो, आणि मोठा सेक्टर पुसायला सेकंदभर लागू शकतो. असं काम कंट्रोल चालू असताना करायचंच नाही, नाहीतर कंट्रोलचा कोड आणि व्हेक्टर टेबल (हार्डवेअरच्या हाकेला कोणता कोड धावेल त्याची यादी) रॅममध्ये ठेवायचं.

इंटरप्ट (सीपीयूला मध्येच थांबवणारी हार्डवेअरची हाक) बंद करणं हाही लॉकच, फक्त तो सगळ्यांना लागू होतो. फिफो (आलेले बाइट साठवणारी रांग) नसलेल्या यूएआर्टवर (सिरियल पोर्टवर) ११५२०० बॉडला दर ८७ मायक्रोसेकंदांनी बाइट येतो. इंटरप्ट त्याहून जास्त वेळ बंद राहिले की बाइट गळतो, आणि दोष केबलला दिला जातो. क्रिटिकल सेक्शनमध्ये (इंटरप्ट बंद ठेवून चालणाऱ्या कोडमध्ये) मोजक्या ओळी असाव्यात, लूप नसावा. कॉर्टेक्स-एम३ आणि पुढच्या कोरांवर (लहान कंट्रोलरमधल्या एआरएम प्रोसेसरांवर) फ्रीआरटीओएस (एक रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आरटीओएस) सगळे इंटरप्ट बंद करत नाही, ठरावीक पातळीपर्यंतचेच झाकतं. त्या पातळीच्या वरचे इंटरप्ट चालू राहतात, मात्र त्यांच्यातून आरटीओएसचं एकही फंक्शन बोलवायचं नाही. इथे आकड्यांची दिशा फसवते. फ्रीआरटीओएसच्या टास्कांत मोठा आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, कॉर्टेक्स-एमच्या इंटरप्टांत लहान आकडा म्हणजे वरची. व्हीएक्सवर्क्समध्ये टास्कांनाही शून्य सर्वांत वर. एका प्लॅटफॉर्मवरून दुसरीकडे कोड नेताना हे आकडे जसेच्या तसे उचलले की सगळी शिडी उलटी लागते.

फ्रीआरटीओएसबद्दल आणखी दोन गोष्टी. बायनरी सेमाफोर आणि म्युटेक्स दिसायला सारखे, पण इनहेरिटन्स फक्त म्युटेक्सला आहे. सेमाफोर खुणावण्यासाठी, इंटरप्टकडून टास्कला हाक मारण्यासाठी. राखणीसाठी म्युटेक्सच. आणि एका टास्कने दोन म्युटेक्स धरले असतील, तर चढलेली प्रायॉरिटी सहसा दोन्ही सोडल्यावरच उतरते. ज्या लॉकमुळे ती चढली तो आधी सुटला तरी टास्क वरच राहतो. म्हणून हिशोबात आतला नाही, बाहेरचा लांब वेळ धरावा.

सीलिंग

दोन लॉक आले की इनहेरिटन्सच्या मर्यादा उघड होतात. लॉगने बस धरली आणि आता एका सामायिक तक्त्याचा लॉक मागतोय. कंट्रोलने तक्ता धरला आणि बस मागतोय. इनहेरिटन्स दोघांनाही सोडवत नाही, डेडलॉक तसाच. डेडलॉक टाळला तरी वरच्या टास्कला तीन लॉक लागत असतील आणि ते तीन वेगवेगळ्या खालच्या टास्कांकडे असतील, तर तो एकाच पाळीत तीनदा थांबतो.

शा, राजकुमार आणि लेहोच्की यांच्या १९९० च्या शोधनिबंधात इनहेरिटन्सबरोबर सीलिंगही आहे, आणि माझा कौल शक्य तिथे सीलिंगला. त्याचं रोज वापरलं जाणारं सोपं रूप असं: प्रत्येक लॉकला एक सीलिंग, म्हणजे तो लॉक वापरणाऱ्यांतल्या सर्वांत वरच्या टास्कची प्रायॉरिटी. लॉक घेताक्षणी टास्क त्या प्रायॉरिटीला चढतो, कोणी थांबलंय की नाही हे न पाहता. एका कोरवर, आणि लॉक धरून कोणी झोपत नाही या अटीवर, डेडलॉक होऊच शकत नाही, आणि वरचा टास्क एका पाळीत जास्तीत जास्त एकदाच अडतो, तोही सुरुवातीलाच. हिशोबातही बेरजेऐवजी एकच, सर्वांत मोठा आकडा राहतो. आपल्या घड्याळात कंट्रोल १ ला जागा होऊन लगेच झोपला होता, सीलिंगमध्ये तो ३.२ पर्यंत सुरूच होत नाही, दोन कॉन्टेक्स्ट स्विच (टास्कांची अदलाबदल) वाचतात. गाड्यांमधल्या ओएसईके आणि ऑटोसार या मानकांमध्ये हेच आहे, पॉसिक्समध्ये (युनिक्स-छापाच्या सिस्टिमच्या मानकात) "प्रोटेक्ट" या नावाने मिळतं.

अडचण एकच: सीलिंग हाताने लिहावं लागतं. सहा महिन्यांनी कोणी आणखी वरच्या टास्कातून तोच लॉक घेतला की आकडा शिळा होतो. पॉसिक्स अशा वेळी लॉक न देता एरर परत करतं. तो परतीचा आकडा तपासलाच नाही तर टास्क लॉकशिवायच आत शिरतो. तपासा.

इडीएफ (अर्लिएस्ट डेडलाइन फर्स्ट) या दुसऱ्या शेड्युलिंग पद्धतीबद्दल थोडक्यात: ज्याची डेडलाइन जवळ तो पुढे, एका कोरवर वापर १०० टक्क्यांपर्यंत नेता येतो, आणि सीलिंगचं काम तिथे बेकरची १९९१ची स्टॅक रिसोर्स पॉलिसी करते. लॉकचा वेळ तिथेही हिशोबात येतोच. ओव्हरलोड झाला तर कोणता टास्क बुडेल हे मात्र सांगता येत नाही. लहान कंट्रोलरवर मी म्हणूनच ठरलेल्या प्रायॉरिटीलाच राहीन.

लॉक टाळायचा असेल तर

बससाठी एकच मालक टास्क ठेवायचा आणि बाकीच्यांनी रांगेत विनंत्या टाकायच्या, ही पद्धत नीटनेटकी दिसते, पण साधी रांग पहिला आलेला पहिला काढते. लॉगच्या चार विनंत्या पुढे असतील तर कंट्रोलची पाचवी. प्रायॉरिटी इन्व्हर्जन गेलं नाही, रांगेत जाऊन बसलं. तातडीच्या विनंत्यांसाठी वेगळी रांग हवी, आणि मालक टास्कची प्रायॉरिटी सर्वांत वरच्या गिऱ्हाइकाइतकी तरी हवी.

थोडा डेटा वाटून घ्यायचा असेल तर सीक्वेन्स काउंटर छान चालतो: लिहिणारा आधी काउंटर वाढवून विषम करतो, लिहितो, पुन्हा वाढवून सम करतो. वाचणारा आधी आणि नंतर काउंटर पाहतो, विषम किंवा वेगळा दिसला तर पुन्हा वाचतो. पण वाचणारा वरचा आणि लिहिणारा खालचा असेल, तर एका कोरवर हा सापळा आहे. लिहिणाऱ्याला अर्ध्यात थांबवून वाचणारा आला, काउंटर विषम, तो फिरत राहिला, आणि तो फिरतोय तोवर लिहिणाऱ्याला सीपीयू मिळणारच नाही. कायमचा अडकला. लिहिणारा वरचा किंवा इंटरप्ट असेल तेव्हाच ही युक्ती वापरावी.

लिनक्सवर हे सगळं तसंच, पण बंद अवस्थेत मिळतं. पॉसिक्स म्युटेक्समध्ये इनहेरिटन्स मुळात नसतं, अॅट्रिब्यूट लावून मागावं लागतं. सी++ च्या स्टँडर्ड म्युटेक्सला ते मागायची सोयच नाही. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला रिअल-टाइम करणारा बदल) मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आलं, तरी तेवढ्याने आपल्या प्रोग्रामातले लॉक आपोआप सुधारत नाहीत. एकाहून जास्त कोर असतील तर प्रायॉरिटी चढवणं ही राखण उरत नाही, दुसऱ्या कोरवरचा टास्क मजेत आत येतो. तिथे वाटून घेणारे टास्क शक्यतो एकाच कोरला बांधावेत.

मोजायचं कसं

लॉक घेणं आणि सोडणं ही दोन फंक्शनं आपल्या स्वतःच्या वेष्टणात घाला आणि सगळीकडे तीच वापरा. कॉर्टेक्स-एम३ आणि पुढे बहुतेक चिपांत सायकल मोजणारा ३२ बिट काउंटर असतो. १६८ मेगाहर्ट्झला तो सुमारे २५.६ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो, वजाबाकी अनसाइन्ड (ऋण चिन्हाशिवाय) ठेवली तर एवढं पुरे. प्रत्येक लॉकमागे चार गोष्टी ठेवा: सर्वांत लांब धरलेला वेळ, तो कोणी धरला, सर्वांत लांब थांबलेला वेळ, तो कोण थांबला. सोळा-वीस बाइटांचं काम. सरासरी ठेवू नका, ती काही सांगत नाही. मोजलेला कमाल वेळ हा खरा कमाल वेळ नसतो, म्हणून ईईप्रॉमचा ५ मिलिसेकंदांसारखा डेटाशीटमधला आकडा मोजलेल्यापेक्षा मोठा असेल तर हिशोबात डेटाशीटचाच धरा.

टास्कची पाळीही तपासा. "काम करा, मग १० मिलिसेकंद थांबा" असं लिहिलेला टास्क दर १० नाही, सुमारे १३ मिलिसेकंदांनी येतो, आणि लॉकसाठी थांबला तर आणखी उशिरा. त्यामुळे डेडलाइन चुकल्याचं दिसतच नाही, लूप नुसता हळू होतो आणि मोटर डुलायला लागते. मागच्या पाळीच्या वेळेपासून मोजणारा डिले वापरा आणि आधीच उशीर झालाय असं त्याने सांगितलं तर ते मोजा.

लॉक मागताना टाइमआउट द्या, आणि तो संपल्यावर काय करायचं ते आधी ठरवा. कंट्रोलसाठी मागचंच सेन्सर रीडिंग एक पाळी वापरणं बहुधा चालतं, तीन पाळ्या नाही. आयटूसीवर एक खास कारण असतं: वाचन चालू असताना कंट्रोलर रीसेट झाला तर सेन्सर डेटाची तार खाली धरून बसतो, आणि टाइमआउट नसलेला ड्रायव्हर लॉकसकट कायमचा अडकतो. क्लॉकच्या तारेवर नऊपर्यंत पल्स देऊन, डेटा वर आला की स्टॉप द्यायचा, सेन्सर सुटतो. हे बस सुरू करण्याच्या फंक्शनमध्येच घाला.

वॉचडॉगला (वेळेवर खुणावलं नाही तर सिस्टिम रीसेट करणाऱ्या घड्याळाला) टायमर इंटरप्टमधून खायला घालू नका. इंटरप्ट चालूच राहतो, टास्क मेलेले असले तरी. खालच्या प्रायॉरिटीच्या एका टास्कने, बाकी सगळ्यांनी हजेरी लावली आहे हे पाहूनच तो थोपटावा. आणि रीसेटनंतरही न पुसल्या जाणाऱ्या रॅमच्या कोपऱ्यात लॉकांचा तो तक्ता ठेवा, मोजणारा कोड शेवटच्या बिल्डमध्येही काढू नका. पाथफाइंडरवर माग ठेवणारा कोड उड्डाणातही शिल्लक होता, त्याच्याच जोरावर जमिनीवरच्या प्रतिकृतीत तो दोष पुन्हा घडवून पाहता आला. युनिट परत आलं की पहिल्यांदा एवढंच वाचायचं: शेवटच्या क्षणी बसचा लॉक कोणाकडे होता, आणि किती मिलिसेकंद.